पदवीचे मोल

दर वर्षी जून महिना आला, म्हणजे परीक्षांचे निकाल हाती पडलेले असतात आणि घरोघरी एकच विचारविनिमय सुरू होतो. मुलाने किंवा मुलीने कोणत्या विद्यापीठाची वाट धरावी? तेथील पदवीला पुढे मान मिळेल काय? पदवी नसली, तर माणसाचे नेमके अडते कोठे? वडीलधारी मंडळी आपापल्या अनुभवाप्रमाणे या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि ती बहुधा परस्परविरोधी असतात. प्रत्येक पिढीला हा प्रश्न नवा वाटत असला, तरी भारतात त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासात असाही एक काळ येऊन गेला, की ज्या वेळी विद्यापीठ निवडणे म्हणजे आपण कोणाच्या हातचा शिक्का मान्य करणार हे ठरविणे होते. त्या निवडीत काहींना यश आले, पुष्कळांचे नुकसान झाले, आणि त्या दोहोंतून पदवीचे मोल कोठून येते हे उघड झाले.

लॉर्ड हार्डिंज गव्हर्नर जनरल असताना १८४४ साली असा सरकारी ठराव झाला, की सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिक्षण घेतलेल्या उमेदवारांस अग्रक्रम द्यावा. त्या वेळी देशात आधुनिक पद्धतीचे एकही विद्यापीठ नव्हते. म्हणजे नोकरीचे दार आधी तयार झाले आणि त्याची किल्ली मागाहून घडविण्यात आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे १८५४ साली सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्यास अनुसरून १८५७ च्या जानेवारीत कलकत्ता, जुलैत मुंबई आणि सप्टेंबरात मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. उत्तर हिंदुस्थान त्याच वर्षी रणधुमाळीत सापडला होता. तरीही विद्यापीठांचे कायदे एकामागून एक मंजूर होत होते. या तिन्ही विद्यापीठांपुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती व्यवस्था होती. विद्यापीठ म्हणजे ज्ञानाचे पीठ ही कल्पना मागाहूनची. प्रारंभी ते परीक्षेचे कार्यालय होते.

कलकत्ता विद्यापीठाची बी.ए.ची पहिली परीक्षा १८५८ साली झाली आणि तीत दोघेच उत्तीर्ण झाले. त्यांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. त्याच वर्षी त्यांना डेप्युटी मॅजिस्ट्रेटची जागा मिळाली आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे त्यांनी सरकारी चाकरीत काढली. त्यांच्या कादंबऱ्यांना पदवीने जन्म दिला नाही. परंतु ज्या नोकरीवर त्यांचा संसार चालला, ती पदवीनेच मिळवून दिली. मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे. रानडे पुढे न्यायखात्यात चढत चढत उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक आणि जगन्मान्य पंडित झाले. या पहिल्या पिढीपुढे विद्यापीठ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या इलाख्यात विद्यापीठ एकच, त्याची पदवी एकच, आणि त्या पदवीपुढे उघडणारी दारेही ठराविकच होती. न्यायखाते, महसूलखाते, शिक्षणखाते आणि वकिली यांच्यापलीकडे पदवीधराला विचारणारे फारसे कोणी नव्हते.

ही किल्ली सर्वांच्याच हाती चालत असे, असेही नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. त्यांचा परीक्षेतील क्रमांक इतका वरचा होता, की इंग्लंडमध्ये पुढील शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क पोहोचत होता. परंतु त्या स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारण्यात आली. हितचिंतकांच्या साहाय्याने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याच्या उच्च परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. मात्र ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. तो नियम १९२० साली बदलला, आणि भारतात स्त्रियांना वकिली करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला तो १९२३ साली. परीक्षा उत्तीर्ण होऊन तीस वर्षे लोटली, तेव्हा कोठे सोराबजींच्या विद्येला कायदेशीर रूप मिळाले. ज्ञान, परीक्षा, पदवी आणि अधिकार या चार वस्तू एकच नव्हेत, हे या एका उदाहरणावरून कळते.

सरकारच्या हातातील ही किल्ली आपल्या हाती घ्यावी, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बळावू लागला. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. या संस्थांतील आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा करीत. शिकविणारे स्वतंत्र, व्यवस्था स्वतंत्र. परंतु परीक्षा आणि पदवी मुंबई विद्यापीठाचीच. ही तडजोड जाणूनबुजून केलेली होती. विद्यार्थ्याने निःस्वार्थी शिक्षकांच्या हाताखाली शिकावे आणि बाहेर पडताना त्याच्या हाती चालणारे नाणेही असावे, असा तो हिशेब होता.

तो हिशेब मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न बंगालमध्ये झाला. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात निघालेल्या सरकारी परिपत्रकाने शाळा-महाविद्यालयांना बजावले, की विद्यार्थ्यांना चळवळीपासून दूर ठेवावे. नाही तर अनुदान, शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठाची संलग्नता यांवर पाणी सोडावे लागेल. पदवी देणाऱ्याच्या हाती पदवी काढून घेण्याचीही सत्ता असते, हे त्या परिपत्रकाने लखलखीतपणे दाखविले. शिक्षेला पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांसाठी रंगपूर येथे नोव्हेंबरात राष्ट्रीय शाळा निघाली, आणि ११ मार्च १९०६ रोजी कलकत्त्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. ब्रजेंद्रकिशोर रायचौधुरी आणि सुबोधचंद्र मल्लिक यांच्यासारख्या धनिकांनी लाखांच्या देणग्या दिल्या. ऑगस्टमध्ये बंगाल नॅशनल कॉलेज उघडले, आणि बडोद्याच्या महाविद्यालयातील नोकरी सोडून आलेले अरविंद घोष त्याचे प्राचार्य झाले.

याच वेळी बंगालमधील नेत्यांत एक मतभेद झाला आणि तो पुढील साऱ्या इतिहासाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. परिषदेतील एका पक्षाचे म्हणणे असे, की वाङ्मय, विज्ञान आणि तंत्र या तिन्ही अंगांचे संपूर्ण राष्ट्रीय शिक्षण द्यावे. तारकनाथ पालित यांच्या पक्षाचे म्हणणे, सध्या तांत्रिक शिक्षण तेवढे हाती घ्यावे. पालितांच्या पक्षाने १९०६ च्या जुलैत बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्था काढली. दोन्ही संस्थांच्या प्रमाणपत्रांना सरकारदरबारी किंमत नव्हती. त्याग, तळमळ आणि लोकांची सहानुभूती दोन्हीकडे होती. तरीही चळवळीचा भर ओसरू लागताच नॅशनल कॉलेजचे वर्ग रोडावत गेले, आणि तांत्रिक संस्था मात्र टिकली. दोन्ही संस्था १९१० साली एकत्र आल्या, तेव्हा प्रत्यक्षात तांत्रिक शिक्षणाची बाजूच वरचढ झाली होती.

या फरकाचे कारण शिक्षकांच्या योग्यतेत शोधून सापडत नाही. इतिहास किंवा तत्त्वज्ञान शिकलेल्या तरुणाला त्या काळी गिऱ्हाईक होते ते सरकारी कचेरी, सरकारमान्य शाळा आणि न्यायालय हेच. आणि त्या तिन्ही ठिकाणी सरकारमान्य पदवीची मागणी होई. यंत्र चालविणाऱ्या, रसायन करणाऱ्या किंवा नकाशा काढणाऱ्या तरुणाची परीक्षा मात्र कारखान्यात पुन्हा घेता येत असे. यंत्र चालले, म्हणजे प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का आहे हे विचारण्याची गरज पडत नसे. ही तांत्रिक शाखा जादवपूर येथे वाढली, नावारूपास आली, आणि स्वातंत्र्यानंतर १९५५ साली तिचेच जादवपूर विद्यापीठ झाले. ज्या विद्येची पारख कामावर होऊ शकते तिला शिक्क्यावाचून तग धरता येतो, आणि जिची पारख कागदावरच होते तिला शिक्का लागतो, असा धडा बंगालने त्या दहा-पंधरा वर्षांत घेतला.

कथेला आणखी एक वळण आहे. ज्या तारकनाथ पालितांनी सरकारी विद्यापीठापासून फटकून संस्था काढली, त्यांनीच १९१२ साली आपली मोठी संपत्ती कलकत्ता विद्यापीठाला दिली. त्या वेळी सर आशुतोष मुखर्जी कुलगुरू होते आणि परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला शिकविणारे, संशोधन करणारे विद्यापीठ बनविण्याचा त्यांचा ध्यास होता. पालितांच्या पाठोपाठ राशबिहारी घोष यांनीही भरघोस देणगी दिली, आणि त्यातून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. तेथील पालित अध्यापकाच्या जागेवर भारतीयच नेमला जावा, अशी दात्याची अट होती. पदार्थविज्ञानाच्या त्या आसनावर १९१७ साली आले ते चंद्रशेखर व्यंकट रामन. मद्रास विद्यापीठाच्या एम.ए. पदवीनंतर स्पर्धापरीक्षा देऊन त्यांनी सरकारच्या अर्थखात्यात चांगली नोकरी मिळविली होती. ती सोडून ते कमी वेतनाच्या प्राध्यापकीवर रुजू झाले. म्हणजे राष्ट्रीय शिक्षणाची एक वाट सरकारमान्य विद्यापीठाच्या आतूनही जात होती. शिक्का परका असला, तरी त्याच्या आतील विद्या आपली करता येते, हे आशुतोषबाबूंनी दाखविले.

बंगालचे हे प्रयोग चालू असताना १९१६ हे वर्ष उजाडले. या एका वर्षात पदवीविषयीच्या तीन भूमिका एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिल्या. फेब्रुवारीत काशी येथे पंडित मदनमोहन मालवीय यांच्या हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. मार्चमध्ये विनायक नरहर भावे हा बडोद्याचा तरुण इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला आणि सुरतेला गाडी बदलून काशीला गेला. आणि जूनमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने आकार घेतला.

मालवीयजींची भूमिका सरळ होती. पैसा लोकांचा, ध्येय आपले, परंतु पदवी मात्र कायद्याने मान्य झालेली असली पाहिजे. त्यासाठी त्यांनी राजेरजवाड्यांपासून सामान्यांपर्यंत सर्वांकडून वर्गणी जमविली, ॲनी बेझंट यांनी काशीत चालविलेले सेंट्रल हिंदू कॉलेज पायाला घेतले, आणि १९१५ साली सरकारकडून विश्वविद्यालयाचा कायदा करवून घेतला. सरकारची देखरेख ही त्या मान्यतेची किंमत होती, आणि ती त्यांनी डोळे उघडे ठेवून दिली.

विनायक भावे, म्हणजे पुढील विनोबा, यांची भूमिका याच्या अगदी उलट टोकाची होती. आपल्याला नोकरी करावयाची नाही, मग या कागदांचा उपयोग काय, या विचाराने त्यांनी घर सोडण्यापूर्वीच आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली होती. काशीला आल्यावर विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. त्यांनी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. संस्कृत, गणित आणि अनेक भारतीय भाषा यांचा त्यांचा व्यासंग पुढे आयुष्यभर चालू राहिला. पदवीचा त्याग म्हणजे अभ्यासाचा त्याग, असे त्यांनी कधी मानले नाही. मात्र प्रमाणपत्रे जाळण्यापूर्वी त्यांनी नोकरीची इच्छाही जाळली होती, ही गोष्ट त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटत असे.

कर्व्यांची भूमिका या दोहोंहून निराळी आणि कदाचित सर्वांत कठीण होती. ते स्वतः मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक. पदवीची उपयुक्तता त्यांना पुरती ठाऊक होती. हिंगण्याच्या आश्रमात विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणाचे काम करीत असताना जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक आवश्यक विषय, आणि स्त्रियांच्या गरजांना जुळणारा अभ्यासक्रम, ही तिची सूत्रे. सरकारी मान्यतेची वाट पाहत बसावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. पहिल्या वर्षी महाविद्यालयात विद्यार्थिनी जेमतेम पाच होत्या.

या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक. पहिले कुलगुरू झाले ते केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. ज्या विद्यापीठाची पदवी सरकार मानीत नव्हते, त्याच्या मागे त्या काळच्या सर्वांत मान्य पदव्या धारण करणारी माणसे उभी राहिली होती. सरकारचा शिक्का नव्हता. त्याच्या जागी या माणसांची पत होती.

पदव्यांना नावेही वेगळीच द्यावी लागली. बी.ए.च्या जागी ‘गृहीतागमा’ आणि एम.ए.च्या जागी ‘प्रदेयागमा’. पहिलीने विद्या ग्रहण केली आहे, दुसरी ती देण्यास समर्थ आहे, असा त्यांचा अर्थ. टीकाकारांनी या प्रयोगाला बरेच काही सुनावले. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी प्रतीचा अभ्यासक्रम, असे एक म्हणणे होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. ज्या मुलीला वकील किंवा डॉक्टर व्हावयाचे असेल, तिला या विद्यापीठाची पदवी पुढे नेत नव्हती. तिने मुंबई विद्यापीठाचीच वाट धरणे भाग होते. परंतु कर्व्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः दुसरीच मुलगी होती. जिचे लग्न लवकर झाले, जी वैधव्यामुळे शिक्षणाला उशिरा लागली, जिला इंग्रजीतून गणित आणि इतिहास पाठ करणे अशक्य होते, अशा मुलीला मुंबई विद्यापीठ की महिला विद्यापीठ अशी निवड नव्हतीच. तिला निवड होती ती महिला विद्यापीठ की स्वयंपाकघर, अशी.

शिवाय कर्व्यांनी आपल्या पदवीसाठी एक क्षेत्र तयार केले. मुलींच्या शाळा विद्यापीठाला जोडल्या जात, आणि त्या शाळांना शिक्षिका हव्या असत. गृहीतागमा झालेल्या स्त्रीला सरकारी कचेरीने विचारले नाही, तरी मुलींची शाळा विचारीत असे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे विद्यापीठासाठी हिंडले. सन १९३६ मध्ये विद्यापीठाचे ठाणे मुंबईस हलले. अखेर १९४९ साली मुंबई राज्यात कायदा झाला आणि १९५१ पासून ते वैधानिक विद्यापीठ म्हणून काम करू लागले. स्थापनेपासून तेहेतीस वर्षे गेली होती. कालांतराने ‘गृहीतागमा’ची जागा ‘बी.ए.’ने घेतली. त्या मधल्या काळात ज्या मुलींनी ती पदवी घेतली, त्यांनी संस्थेच्या भविष्यावर आपला वर्तमान पणाला लावला होता, हे विसरून चालणार नाही.

कर्व्यांच्या विद्यापीठात मूठभर मुलींनी जी जोखीम पत्करली, ती १९२० साली देशातील हजारो तरुणांपुढे येऊन ठाकली. सप्टेंबरात कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम स्वीकारला. सरकारी आणि सरकारमान्य शाळा-महाविद्यालये सोडणे हा त्याचा एक भाग होता. गुजरात विद्यापीठ १८ ऑक्टोबर १९२० रोजी अहमदाबादेस स्थापन झाले. त्याच महिन्यात अलीगढला जामिया मिलिया इस्लामिया निघाली. पुढील वर्षी काशी विद्यापीठ, बिहार विद्यापीठ आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांची भर पडली. टिळक विद्यापीठाची पदवी होती ‘वाङ्मयविशारद’, काशीची ‘शास्त्री’. फर्ग्युसनमधून पदवी घेतलेले दत्तात्रेय बाळकृष्ण ऊर्फ काका कालेलकर गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. काशी हिंदू विश्वविद्यालयातील प्राध्यापक जीवतराम कृपलानी विद्यार्थ्यांसह बाहेर पडले. मालवीयजींना मात्र विद्यार्थ्यांनी विद्यापीठे सोडावी हे पसंत नव्हते. रवींद्रनाथ ठाकुरांचाही आक्षेप होता. मुलांना अपुऱ्या शिक्षणातून काढून पुरे शिक्षण दिले, तर ते योग्य. पण त्यांना शिक्षणच नसलेल्या ठिकाणी नेऊन सोडणे हा त्याग नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा आक्षेप किती खरा होता, हे पाटण्याच्या एका विद्यार्थ्याच्या उदाहरणावरून दिसते. जयप्रकाश नारायण यांनी १९२१ साली परीक्षा अवघ्या काही दिवसांवर आली असताना पाटणा कॉलेज सोडले. बिहार विद्यापीठातून ते इंटर उत्तीर्ण झाले. परंतु विज्ञानाच्या पुढील शिक्षणाची सोय तेथे नव्हती. काशीचे हिंदू विश्वविद्यालय जवळ होते, उत्तम होते. पण त्याला सरकारी साहाय्य मिळत असल्याने तेथे जाणे त्यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा १९२२ साली ते अमेरिकेस गेले. द्राक्षांच्या मळ्यांत, कारखान्यांत आणि उपाहारगृहांत मजुरी करीत त्यांनी एकामागून एक विद्यापीठांत शिक्षण घेतले आणि ओहायो येथे एम.ए. होऊन १९२९ साली ते परतले. स्वदेशी विद्यापीठाच्या निष्ठेपायी एका तरुणाला सात समुद्र ओलांडावे लागले. ज्यांच्यापाशी एवढी जिद्द नव्हती, किंवा घरी वाट पाहणारी तोंडे होती, अशांचे काय झाले? फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर चळवळ थांबली, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी मुकाट्याने आपल्या जुन्या महाविद्यालयांत परतले, आणि अनेक राष्ट्रीय शाळा ओस पडल्या. त्यांचे परतणे भ्याडपणाचे मानण्याचे कारण नाही. शिक्का नाकारणे एका दिवसाचे काम होते. शिक्क्यावाचून जगणे रोजचे होते.

जी विद्यापीठे टिकली, ती कोणत्या बळावर टिकली, हे जामियाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. आरंभीची आर्थिक आधारे कोसळल्यावर संस्था १९२५ साली दिल्लीस आली. अलीगढ सोडून जामियात आलेले झाकिर हुसेन बर्लिनहून डॉक्टर होऊन १९२६ साली परतले आणि पुढे बावीस वर्षे कुलगुरू राहिले. कोठल्याही मान्य विद्यापीठात त्यांना मानाची जागा मिळाली असती. तरीही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी घेतलेल्या शपथेची मुदतही तेवढीच होती. पदवीची पत जेथे सरकार देत नाही, तेथे ती शिक्षकाला आपल्या आयुष्यातून द्यावी लागते.

स्वातंत्र्य आले, आणि एक चमत्कारिक प्रसंग उभा राहिला. ज्या पदव्या परक्या सरकारला नाकारण्यासाठी निर्माण झाल्या होत्या, त्यांचे स्वकीय सरकारने काय करावे? विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ साली झाला. कायद्याने स्थापन झालेल्या किंवा केंद्र सरकारने विद्यापीठाच्या तोडीची मानलेल्या संस्थेसच पदवी देण्याचा अधिकार राहील, असे त्याने ठरविले. स्वतंत्र भारतातही किल्ली शासनाच्या हातीच राहिली. फरक एवढाच, की शासन आता आपले होते. त्या कायद्याखाली जामियाला १९६२ साली आणि गुजरात विद्यापीठाला १९६३ साली मान्यता मिळाली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाला त्यासाठी १९८७ सालापर्यंत थांबावे लागले. जामिया १९८८ साली केंद्रीय विद्यापीठ झाली.

या कहाणीतून आज विद्यापीठ निवडणाऱ्याने काय घ्यावे? पदवीला किंमत नसते, हे बोलणे इतिहासाला धरून नाही. ज्या दारावर पहारेकरी पदवी मागतो, तेथे ती नसलेल्या माणसाची विद्वत्ता बाहेरच थांबते. कॉर्नेलिया सोराबजी तीस वर्षे थांबल्या. म्हणून आपल्याला कोणत्या दारातून जावयाचे आहे आणि तेथे कोणता शिक्का चालतो, ही चौकशी प्रवेशापूर्वी करणे हे व्यवहारज्ञान आहे, त्यात कमीपणा नाही. परंतु पदवीनेच सारे साधते, हेही खरे नाही. बंगालच्या कारखान्यांनी जादवपूरच्या तरुणाला विचारले ते त्याला काम येत होते म्हणून, आणि मुलींच्या शाळांनी गृहीतागमेला विचारले ते ती शिकवू शकत होती म्हणून. शिक्का काढून घेतला तर हाती काय उरेल, हा दुसरा प्रश्नही विद्यार्थ्याने स्वतःला तितक्याच प्रामाणिकपणे विचारावयास हवा. आणि तिसरी चौकशी शिक्षकांची. मुंबई, कलकत्ता, हिंगणे, काशी, दिल्ली, कोठेही पाहिले, तरी पदवीला पुढे जी प्रतिष्ठा आली, ती आधी तेथे शिकविणाऱ्यांनी मिळविली होती.

काशी विद्यापीठातून १९२५ साली लालबहादुर नावाचा एक गरीब घरचा तरुण ‘शास्त्री’ ही पदवी घेऊन बाहेर पडला. त्या दिवशी त्या पदवीवर कोणत्याही सरकारी कचेरीत कारकुनाची जागाही मिळाली नसती. जातिवाचक आडनाव त्याने पूर्वीच सोडले होते. त्याच्या जागी ही पदवी त्याच्या नावाला कायमची जोडली गेली, आणि १९६४ साली भारताच्या पंतप्रधानपदाची शपथ त्याच नावाने घेतली गेली. काशी विद्यापीठाला पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला, तो त्याच्या जेमतेम वर्षभर आधी.